ट्राउटला न मानवलेला सह्याद्री: कशेडीखालच्या नद्या, गळाचा खेळ आणि खडची माशाचा इतिहास

कशेडी घाटाच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. उत्तरेला उतरलेले पाणी पोलादपूरच्या बाजूने सावित्रीला मिळते आणि महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. दक्षिणेला उतरलेले पाणी खेडची जगबुडी गाठते आणि पुढे वाशिष्ठीच्या सोबतीने दाभोळला समुद्रात शिरते. आता बोगद्यातून गाडी काही मिनिटांत पार होते, त्यामुळे हा पाणलोट कुणाच्या नजरेस पडत नाही. आजच्या धाग्यासाठी मात्र आपल्याला या माथ्यावर क्षणभर थांबून उत्तरेकडे, सावित्री आणि तिला येऊन मिळणाऱ्या काळ नदीकडे पाहायचे आहे.

विषय आहे गळाचा खेळ. त्यातही ज्याला इंग्रज ‘फ्लाय फिशिंग’ म्हणत तो प्रकार. गळाला गांडूळ किंवा पीठ न लावता पिसे आणि दोरा गुंडाळून त्याचा कीटक करायचा, लवचीक काठीने जड दोरी हवेत खेळवून तो कीटक अलगद पाण्यावर टेकवायचा, आणि माशाला तो खरा वाटावा एवढे कसब अंगी आणायचे. पोट भरण्यासाठी असला खटाटोप कुणी करत नाही. हा फावल्या वेळेचा खेळ आहे, आणि त्याला हवा असतो एक विशिष्ट मासा: थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला ट्राउट.

इंग्लंडमध्ये या खेळाचे स्वरूप विसाव्या शतकाच्या आरंभी पालटले. ब्रिस्टल शहराला पाणी पुरवण्यासाठी ब्लॅगडन येथे धरण बांधले गेले, त्यात ट्राउट सोडले गेले, आणि १९०४मध्ये तेथे मासेमारीस परवानगी मिळाली. तोवर ट्राउटचे चांगले प्रवाह जमीनदारांच्या मालकीचे असत. पाणीपुरवठ्याच्या जलाशयांमुळे कारकून, शिक्षक आणि दुकानदारही परवाना काढून काठावर उभे राहू शकले. आज ब्रिटनमधील क्लब मोसमात एका जलाशयावरून दुसऱ्यावर सहली काढतात, त्यांची मुळे इथे आहेत. धरण शहरासाठी, मासा उबवणी केंद्रातला, आणि खेळ क्लबचा. ही त्रयी लक्षात ठेवावी, कारण ती पुढे आपल्याला लोणावळ्यात भेटणार आहे.

ट्राउट जगभर कसा पसरला, हे साम्राज्याच्या इतिहासातले एक विलक्षण प्रकरण आहे. थंडीत त्याच्या अंड्यांची वाढ फार संथ होते, पिल्ले बाहेर पडायला कित्येक आठवडे लागतात. ओल्या शेवाळात गुंडाळून बर्फात ठेवली तर ती समुद्रप्रवास सोसतात. १८६४मध्ये ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून अशी अंडी इंग्लंडहून टास्मानियाला पोचली आणि दक्षिण गोलार्धात ट्राउट जन्मला. हिंदुस्थानातही प्रयत्न झाले. फ्रान्सिस डे या शल्यविशारदाने १८६०च्या दशकात निलगिरीवर ट्राउट आणण्याचा खटाटोप केला, तो फसला. काश्मीरसाठी मागवलेली अंडीही पहिल्या खेपेला वाटेतच नासली. १९००च्या सुमारास दुसरी खेप तगली आणि तेथे तपकिरी ट्राउट रुजला. निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ॲव्हलांच येथे उबवणी केंद्र उभे राहिले आणि इंद्रधनुषी ट्राउट टिकला. हा मासा मूळचा पॅसिफिक महासागराच्या काठच्या नद्यांतला, म्हणजे इंग्रजांच्या मायदेशातलाही नव्हे.

मग सह्याद्रीत का नाही? महाबळेश्वरला गोरे साहेब होते, फुरसत होती, पाणीही होते. उत्तर तापमानात आहे. पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेले की ट्राउटला जड जाऊ लागते, आणि पंचविशीच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. निलगिरीतले ट्राउटचे जलाशय २००० मीटरच्या आसपास आहेत. महाबळेश्वर १४००पर्यंतही पोचत नाही. आणि महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री तेथून एका उडीत कोकणात उतरते. चैत्र-वैशाखात पोलादपूरच्या कातळावर हात ठेवून पाहिला तर तापमापकाची गरज उरत नाही.

याहून महत्त्वाचे कारण खडकाचे आहे. आपला बेसॉल्ट पाणी फारसे साठवत नाही. पावसाळ्यात उधाणलेली नदी मार्चपर्यंत धारेवर येते, एप्रिलमध्ये धारही तुटते आणि उरतात ते डोह. कोकणात खडकाने कोंडलेल्या अशा खोल डोहाला कोंड म्हणतात. उन्हाळ्याचे ते तीन महिने नदीतला प्रत्येक मोठा मासा त्या कोंडांत कैदेत असतो. जो कोंडावर हक्क सांगेल त्याच्या हाती संपूर्ण नदीचे बियाणे आले, असा हा हिशेब आहे. सह्याद्रीतल्या मासेमारीचा इतिहास समजून घेण्याची किल्ली माझ्या मते इथे आहे. गळ, जाळे आणि परवाने त्यानंतर येतात.

गळाचा शौक मात्र इंग्रजांनी आणला असे समजण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथाचे नाव मराठीच्या अभ्यासकांना ठाऊक असते, कारण जुन्या मराठीचे काही नमुने त्यात सापडतात. त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. माशांच्या सुमारे ३५ जाती, त्यांपैकी कुणाला कोणते खाद्य घालावे, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, आधी काही दिवस खाऊ घालून मासे कसे लावावेत, असा सगळा तपशील तेथे आहे. इंग्लंडमधील गळावरची पहिली छापील पुस्तिका पंधराव्या शतकाच्या अखेरीची. दख्खनच्या राजवाड्यात त्याआधी साडेतीनशे वर्षे या खेळाचे शास्त्र झाले होते. ते पुढे चालू राहिले नाही, ही गोष्ट वेगळी.

सह्याद्रीच्या माशांना आधुनिक शास्त्रात आणणारा माणूस लष्करी अधिकारी होता. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर म्हणून १८२४पासून दख्खनमध्ये फिरला. पिके, वजनेमापे, पाऊस, पक्षी, मासे, काहीही त्याच्या वहीतून सुटत नसे. १८३९मध्ये दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीतर्फे प्रसिद्ध झाला. त्यातली शास्त्रीय नावे एकदा वाचावीत, मौज वाटते. ‘सिंघाला’ म्हणजे आपला शिंगाळा, ‘सींगटी’ म्हणजे शिंगटी, आणि ‘मुल्या’, ‘पोटैल’ यांसारखी नावे नदीकाठचे लोक जे म्हणत तेच कानाला लागेल तसे लॅटिनच्या जोडीला बसवलेली. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिले. मराठीत त्याला खडची म्हणतात. जगात तो ‘टॉर खुद्री’, म्हणजे दख्खनचा महसीर, म्हणून ओळखला जातो. साइक्सला ही नावे सांगणारे भोई आणि कोळी होते, पण निबंधाच्या शीर्षकाखाली नाव साइक्सचे आहे.

खडची हा सह्याद्रीच्या पाण्याला घडवलेला मासा आहे. अंगावर तळहाताला झाकतील एवढे खवले, जाड ओठ, मिशा, आणि धारेविरुद्ध चढण्याची ताकद. पावसाळ्यात तो वरच्या ओढ्यांकडे जातो आणि वाळू-गोट्यांच्या तळावर, खळाळत्या पाण्यात अंडी घालतो. उन्हाळ्यात डोहात उतरून थांबतो. दक्षिण कानडाचा कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापले आणि महसीर हा खेळाच्या दृष्टीने सामनहूनही सरस, असा निर्वाळा दिला. त्यानंतर साहेबांना ट्राउटची खंत उरली नाही असे म्हणवत नाही, पण महसीरसाठी पिसांचे कीटक, धातूचे चमचे आणि कणकेचे गोळे घेऊन नद्या पालथ्या घालणे सुरू झाले.

थॉमस आणि डे या दोघांनीही अहवाल लिहिले, आणि दोघांची तक्रार एक होती: नद्यांतले मासे बारीक जाळ्यांनी, विषाने आणि सुरुंगाने संपत चालले आहेत. या मताचा परिपाक म्हणजे १८९७चा भारतीय मत्स्य कायदा. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड. सुरुंगाबद्दल कुणाचे दुमत नसावे. रस्त्याच्या आणि रेल्वेच्या कामांवरून गावोगाव पोचलेली दारू डोहात पडली की पिल्लांसकट सगळे पांढरे पोट वर करून तरंगते. पण ‘विष’ या एका शब्दात कायद्याने फार वेगळ्या गोष्टी कोंबल्या. कातकरी बाया उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात गेळाची फळे ठेचून टाकतात आणि गुंगलेले चिंगळे वेचतात. ते त्यांचे चैत्रातले कालवण असते. काठीला पिसे बांधून मासा मारणारा हौशी आणि गेळ ठेचणारी कातकरीण यांच्यापैकी नदीचे नुकसान कोण अधिक करतो, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी विचारल्याचे दिसत नाही. अर्थात दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मृगाच्या पहिल्या पावसात मासे ओढ्याने वर चढू लागतात, त्याला रायगड-ठाण्याकडे वलगण म्हणतात. त्या वेळी अंड्यांनी भरलेल्या माद्या टोपल्यांनी धरल्या जातात, आणि हे करणाऱ्यांत केवळ उपाशी माणसे नसतात. वलगणीची चव आम्हां कोकण्यांना सोडवत नाही, हे खरे आहे.

आता लोणावळा. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी १९१०मध्ये स्थापन झाली आणि १९१५मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. त्यासाठी वळवण, लोणावळा, शिरवटा असे तलाव घाटमाथ्यावर बांधले गेले. पाठोपाठ मुळशी आली आणि १९२१पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह झाला. धरणांनी गावे बुडवली तशा माशांच्या वाटाही अडवल्या. खडचीला पावसाळ्यात वर जायचे असते आणि तिच्यापुढे भिंत उभी. तलावांत मोठ्या खडच्या होत्या, हौशी लोक त्या धरतही होते, पण नवी वीण कमी होत चालली होती.

राज्याच्या मत्स्य खात्यात आयुष्य घालवलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी या माशाच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला आणि १९७०मध्ये मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. त्याच सुमारास टाटा कंपनीने वळवणला महसीरचे उबवणी केंद्र उभारले. श्री. ना. ओगले यांनी ते पुढे चालवले. पद्धत अशी: पावसाळ्यात ओढ्यांच्या तोंडाशी येणाऱ्या पिकल्या माद्या आणि नर धरायचे, हलक्या हाताने पोट दाबून अंडी काढायची, फलित करायची आणि मासे परत तलावात सोडायचे. पण खडचीची अंडी ट्राउटसारखी आठवडे थांबत नाहीत. तीन-चार दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. ती दूर पाठवायची कशी? कुलकर्णी आणि ओगले यांनी अंडी ओल्या कापसात ठेवून विमानाने पाठवून पाहिली आणि १९७९मध्ये ही रीत शास्त्रीय नियतकालिकात नोंदवली. टास्मानियाच्या जहाजावरचे शेवाळ आणि लोणावळ्याचा कापूस यांच्यामध्ये ११५ वर्षे आहेत, कल्पना तीच.

इथवरची कथा अभिमानाची आहे. पुढची तेवढी सरळ नाही. वळवणची पिल्ले अनेक राज्यांना दिली गेली आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत मात्र स्वतःचा महसीर होता: उंच पाठीचा, नारिंगी परांचा, प्रचंड. १९४६मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने काबिनीत धरलेला १२० पौंडांचा मासा अजून उच्चांक मानला जातो, तो या जातीचा. कावेरीच्या काठी गळाचे तळ चालत. धरलेला मासा तोलायचा, नोंदवायचा आणि सोडून द्यायचा, असा नियम. गॅलिबोर येथील तळावर १९९८ ते २०१२ या काळातल्या अशा नोंदी जमल्या होत्या. संशोधकांनी त्या २०१५च्या सुमारास तपासल्या, तेव्हा निळसर परांचा पाहुणा, म्हणजे आपली खडची, वाढत गेलेली आणि मूळचा उंच पाठीचा मासा घटत गेलेला दिसला. २०१८मध्ये त्या माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली, आणि ओळख पटताच त्याची नोंद नामशेष होण्याच्या अतिगंभीर धोक्यातील जातींत करावी लागली. एवढी वर्षे जगभरचे शिकारी ज्याची छायाचित्रे काढत होते, त्याला धड नावही नव्हते.

हौशी क्लबांच्या वहीला मी एरवी फार महत्त्व दिले नसते. या प्रकरणात ती वही नसती तर नदीत काय घडले ते कळलेच नसते. २०१२मध्ये अभयारण्यातले हे तळ बंद झाले आणि नोंदी थांबल्या. वन्यजीव कायद्याच्या अंगाने तो निर्णय समजण्याजोगा आहे. पण काठावर रोज उभी असणारी, सुरुंगवाल्यांना दिसणारी माणसेही त्याबरोबर गेली.

आता परत कशेडीच्या उत्तरेला येऊ. महाड तालुक्यात, रायगडाच्या मुलखात, काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान, खाली खडकात खोल गेलेला कोंड, आणि त्यात खडचीचे थवे. हे मासे देवीचे मानले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात. धरत कुणी नाही. असे डोह महाराष्ट्रात आणखीही आहेत: वैतरणेवर वाड्याजवळ तिळसे, इंद्रायणीवर देहू. देहूच्या वरच्या अंगाला त्याच इंद्रायणीवर वळवणचे धरण आहे, म्हणजे खडचीला अभय देणाऱ्या दोन संस्था, देव आणि कंपनी, एकाच नदीवर नांदतात.

वाळणकोंडाची व्यवस्था पाहिली तर तिच्यातले शहाणपण नजरेत भरते. उन्हाळ्यात मोठे मासे डोहात अडकतात हे आपण वर पाहिले. नेमका तो डोह वर्ज्य ठरवला की विणीचे मासे वाचतात, आणि पावसाळ्यात ते वरखाली पसरतात. संपूर्ण नदीवर बंदी घालण्याची गरज नाही. कातकऱ्याच्या डबक्याला हात लागत नाही, वलगणही चालू राहते. पहारेकरी नाही, परवाना नाही, दंडाची रक्कम नाही. हे कुणी ठरवून केले असे मी म्हणत नाही. श्रद्धा होती, आणि तिच्या आडोशाला मासा राहिला. पण १८९७च्या कायद्याने नदीभर जे साधले नाही ते एका कोंडापुरते इथे साधले.

मात्र देवीचा अधिकार कोंडाच्या काठापर्यंत आहे. वरून येणारे पाणी आणि खालून चढणारा मासा तिच्या हुकमात नाहीत. महाडच्या औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने आणि सावित्रीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या या भागातल्या लोकांना नव्या नाहीत. २०२१च्या जुलैत महाड पाण्याखाली गेले, तळियेत दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. त्यानंतर नदीपात्रातला गाळ काढण्याची मागणी जोर धरून उठली आणि कामेही सुरू झाली. ज्याच्या घरात छातीभर पाणी शिरले त्याला माशाच्या अंड्यांबद्दल उपदेश करणे निर्लज्जपणाचे होईल. तरीही गाळ आणि गोटे एक नव्हेत. शहराजवळ साचलेली माती उपसणे वेगळे, आणि वरच्या प्रवाहातले वाळू-गोटे यंत्राने खरवडणे वेगळे. खडची अंडी घालते ती गोट्यांत. हा फरक नकाशावर दाखवता येतो, आणि दाखवला तर पुराची कामे अडत नाहीत.

आणखी एक काम कशेडी-पोलादपूर परिसरातल्या वाचकांना करता येईल. गावातल्या जुन्या माणसांना विचारा: आपल्या नदीचे कोणते कोंड नावाने ओळखले जात, त्यांपैकी कोणत्यात मासे धरत नसत, आणि ती चाल कधी मोडली. आजोबांना ‘महसीर’ म्हणून विचारू नका, कळणार नाही. खडची म्हणा, नाहीतर खवल्याचा आकार हाताने दाखवा. नावे मिळाली तर गाव, कोंड आणि सांगणाऱ्याचे अंदाजे वय यांसह लिहून ठेवा. साइक्सने १८२४ नंतर हेच केले, आणि त्याच्या यादीत घाटाखालच्या या नद्या नाहीत.